एमबीबीएस, सिगारेट आणि उदास मन : नव्या बॅचसाठी

दरवर्षी नीटचे राउंड संपत आले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. हॉस्टेल कसं आहे, मेस बरी आहे का, पुस्तकं जुनी घेतली तर चालतील का, ॲप्रन किती शिवून ठेवायचे. मीही जमेल तसं सांगतो. पण सिगारेट आणि डिप्रेशन या दोन गोष्टींबद्दल आजवर एकाही पालकाने, मुलाने किंवा मुलीने मला आपणहून विचारलेलं नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस केलं, पुढे सायकियाट्रीत, म्हणजे मानसोपचारात, एमडी केलं, आता रोज ओपीडीत बसतो. समोर पेशंट म्हणून येणाऱ्यांत मेडिकलची मुलं असतात आणि त्यांच्याशी बोलताना या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात. मी स्वतः दोन्हीतून गेलोय. म्हणून न विचारताच लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मेडिकलच्या मुलाची सिगारेट आणि त्याची उदासी वेगवेगळी बघू नका. सिगारेट सोडायला निघालात तर मनाकडे बघा, आणि मनाचं औषध घ्यायला गेलात तर डॉक्टरांना सिगारेटचं सांगा. एक लपवून दुसरीवर उपचार करायला गेलं की दोन्ही रेंगाळतात.

सुरुवात कुठे होते

बारावीपर्यंत तुम्ही शाळेत, क्लासमध्ये पहिल्या दोन-चारांत होतात. नीटचा निकाल लागल्यावर गावात, निदान गल्लीत, फ्लेक्स लागला असेल. कॉलेजात आल्यावर कळतं की इथले सगळेच फ्लेक्सवाले आहेत. पहिली टर्मिनल, म्हणजे सत्र परीक्षा, होते आणि आयुष्यात पहिल्यांदा ॲनाटॉमीत लाल शेरा मिळतो. हे बहुतेकांचं होतं, अगदी पुढे गोल्ड मेडल घेणाऱ्यांचंही. पण त्या संध्याकाळी तसं वाटत नाही. ज्या घरातून आलो तिथे नापास हा शब्द आपल्या नावाशेजारी कधी आलेला नसतो, त्यामुळे घरी सांगताही येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातल्या शाळेत दहावीपर्यंत मराठीत शिकलो. पहिल्या ऑस्टिऑलॉजीच्या व्हायवात, म्हणजे हाडांच्या तोंडी परीक्षेत, मॅडमनी ह्युमरस हे दंडाचं हाड हातात दिलं. उजवं की डावं ते मला दिसत होतं, डोकं आतल्या बाजूला, ऑलेक्रेनॉन फोसा हा खळगा मागे, कुठला स्नायू कुठे लागतो तेही पाठ होतं. पण वाक्य इंग्रजीत सुरू करायचं कसं, तेच सुचेना. हाड हातात गरगर फिरवत राहिलो. मॅडमनी शांतपणे ते काढून घेतलं आणि पुढच्या रोल नंबरला दिलं. त्यांनी अपमान केला नाही, ओरडल्या नाहीत. तरी मेसमध्ये त्या रात्री घास गिळवेना.

अशा संध्याकाळी गेटाबाहेरची टपरी जवळची वाटते. तिथे काय मिळतं ते नीट समजून घ्या, कारण नुसतं ‘व्यसन वाईट’ म्हणून कुणी थांबत नाही, मीही थांबलो नव्हतो. टपरीवर थर्ड इयरचा सीनियर तुमच्याशी माणसासारखा बोलतो. दिवसा ज्याला मान खाली घालून ‘सर’ म्हणायचं, तो तिथे चहाचे पैसे देतो, कोणता एक्झामिनर काय विचारतो ते सांगतो, त्याचीही टर्मिनल उडाली होती हे सांगतो. लायब्ररीत बसून दहा मिनिटं नुसतं शून्यात बघितलं तर स्वतःलाच अपराधी वाटतं. हातात सिगारेट असेल तर तीच दहा मिनिटं ‘ब्रेक’ ठरतात. सोबत, माहिती आणि थांबायची परवानगी, या तीन गोष्टी तिथे मिळतात. कॉलेजनं दुसरीकडे कुठे त्या दिलेल्या नसतात, हे मला आजही खटकतं.

आता यातल्या एकाही गोष्टीला निकोटीन लागत नाही. टपरीवर जायला माझी ना नाही. चहा घ्या, पोहे खा, सीनियरशी बोला. सिगारेट पुढे आली की ‘मला नको’ एवढंच म्हणा. ‘आज नको’ म्हणू नका, कारण मग उद्या पुन्हा विचारणा होते. कारणं देऊ नका, दम्याची खोटी गोष्ट रचू नका. दोन-तीनदा नाही म्हटलं की लोक विचारायचं सोडतात आणि तुमची जागा त्या बाकड्यावर तशीच राहते. ओढली नाही म्हणून ग्रुपमधून काढून टाकलेला मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

कायद्याचं म्हणाल तर २००३ च्या कोटपा या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढण्यावरचे नियम कडक झाले. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट विकण्यावरही बंदी घातली. सुटी सिगारेट हीच तर विद्यार्थ्यांची सिगारेट. पाकीट घ्यायची वेळ फार उशिरा येते, तोवर सवय लागून गेलेली असते. या नियमांची अंमलबजावणी गेटाबाहेर कशी होते ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात बघाल. त्यामुळे कायदा तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका.

विदर्भातल्या मुलांसाठी एक वाक्य: खर्रा हाही तंबाखूच, तो ‘फक्त सुपारी’ नाही. पश्चिम महाराष्ट्रात मावा, तेच. आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ही २०१९ पासून देशात बेकायदा आहे. तरी हॉस्टेलात दिसते. तिच्यात सिगारेटसारखा संपण्याचा क्षणच नसतो, म्हणून रात्रभर अभ्यासाच्या टेबलावर ती हातात राहते आणि किती निकोटीन गेलं याचा अंदाज लागत नाही.

बरं का वाटतं

फिजिऑलॉजी आणि फार्मॅकॉलॉजी शिकाल तेव्हा हे सगळं येईलच, पण तोवर उशीर झालेला असतो.

झुरका घेतला की निकोटीन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथल्या निकोटिनिक रिसेप्टरना चिकटतं, डोपामिन सुटतं आणि क्षणभर डोकं हलकं, लक्ष टोकदार झाल्यासारखं वाटतं. रोज ओढायला लागलं की मेंदू त्या रिसेप्टरची संख्या वाढवून घेतो. निकोटीनची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायचा वेळ, साधारण दोन तासांची. म्हणजे सकाळी आठच्या लेक्चरआधी ओढली, तर दहाच्या प्रॅक्टिकलपर्यंत अस्वस्थता सुरू. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, जीव घाबरल्यासारखा होतो, मन खाली जातं. ही निकोटीन उतरण्याची लक्षणं आहेत. मुलगा मात्र म्हणतो, ‘बायोकेमच्या प्रॅक्टिकलचा स्ट्रेस आहे.’ बाहेर येऊन ओढतो, दोन मिनिटांत बरं वाटतं आणि त्याची खात्री पटते की सिगारेटने स्ट्रेस जातो. गेलेली असते ती आधीच्या सिगारेटने आणलेली अस्वस्थता. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून नवी उचल घ्यावी, तसं हे चालतं.

आता ज्याचं मन आधीच खचलेलं आहे, त्याच्या बाबतीत हे किती सोयीचं होतं ते बघा. दिवसभर कशातच राम वाटत नाही, आणि दिवसातून काही वेळा दोन-दोन मिनिटं बरं वाटतं. मग दिवस त्या दोन मिनिटांभोवतीच रचला जातो. आणि उदासीला नाव मिळत नाही, कारण प्रत्येक वेळी ती ‘तलफ’ म्हणून मोजली जाते. उलट बाजूने रोजच्या निकोटीनच्या चढ-उताराने आणि बिघडलेल्या झोपेने मन आणखी खाली जातं. दोन्ही दिशांनी हे चक्र फिरतं, म्हणून ‘आधी काय झालं’ या प्रश्नात वेळ घालवू नका. ओपीडीत मीही त्यात वेळ घालवत नाही.

डिप्रेशन मेडिकलच्या मुलात कसं दिसतं

रडताना क्वचित दिसतं. दिसतं ते असं: जर्नल महिनाभर अपुरं. मित्राला हजेरीची प्रॉक्सी लावायला सांगणं. मेसचं जेवण चुकणं, मग रात्री एक वाजता मॅगी. आईचा फोन वाजताना बघत राहणं आणि नंतर ‘लेक्चरला होतो’ असा मेसेज टाकणं. कॉलेजातल्या खेळांच्या स्पर्धांची (इंट्राम्युरल्स) टीम सोडणं. एकच पान चार वेळा वाचणं आणि पाचव्यांदा पहिल्यापासून सुरू करणं. झोप एकतर येत नाही, किंवा दुपारी तीनला पोस्टिंग संपलं की थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत झोपणं. आणि एक वाक्य: ‘मी चुकून इथे आलोय, सीट वाया घालवतोय.’ हे वाक्य ओपीडीत मी इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय, की ते ऐकलं की मी पेन बाजूला ठेवतो.

हे तुमच्या एकट्याचं नाही, यासाठी दोनच पाहण्यांचे आकडे देतो. २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं आढळली, आणि अशांपैकी उपचार घेणारे होते फक्त १५.७ टक्के. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५ हजारांहून जास्त एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली, २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं. ज्यांनी आपणहून फॉर्म भरला त्यांचे हे आकडे आहेत, तेव्हा ते सगळ्या देशाला जसेच्या तसे लावू नयेत. पण दोनशेच्या बॅचमध्ये असे बरेच जण तुमच्या आजूबाजूला बसलेले आहेत, एवढं त्यावरून नक्की समजा.

साधा ताण आणि आजार यात फरक कसा करायचा? परीक्षा संपल्यावर ताण उतरतो. डिप्रेशन परीक्षा संपली तरी तिथेच असतं. दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ, मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्यामुळे झोप, भूक, अभ्यास, माणसं यांवर परिणाम, असं असेल तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडून देऊ नका. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. एकूण गुण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं.

मला ही प्रश्नावली सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये भेटली. आमच्या लेक्चरर सरांनी सगळ्या बॅचला एकेक कागद दिला आणि म्हणाले, ‘पेशंटला विचारण्याआधी स्वतः भरून बघा, प्रश्न कसे लागतात ते कळेल. मला दाखवायची गरज नाही.’ मी बाकड्याच्या कोपऱ्यात बसून भरत गेलो. पहिल्या दोन प्रश्नांनाच ‘जवळजवळ रोज’वर खूण झाली. बेरीज दहाच्या बरीच वर गेली. मी कागदाची घडी करून ॲप्रनच्या खिशात घातली. बॅच जेवायला निघाली तेव्हा सर एवढंच म्हणाले, ‘कुणाला थांबायचं असेल तर मी दोनपर्यंत आहे.’ मी थांबलो. त्यांनी कागद मागितला नाही. पहिला प्रश्न विचारला: ‘सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते?’ मी सिगारेटचं काहीच बोललो नव्हतो. ॲप्रनला वास येत असणार. दात घासायच्या आधी, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी समजावलं की उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर निकोटीनवर चांगलंच अवलंबून आहे, आणि नुसत्या निर्धारावर सोडायला गेलास तर पहिल्या आठवड्यातल्या उदासीला घाबरून परत सुरू करशील. दोन्हींवर एकत्र उपचार करू. पुढे मी हीच शाखा निवडली, त्यात त्या दुपारचा मोठा वाटा आहे.

सोडायची असेल तर

उदास माणसाला सगळ्यात मोठी भीती ही, की आत्ता निदान सिगारेटचा तरी आधार आहे, तोही गेला तर मी कोलमडेन. ही भीती खरी आहे आणि पहिल्या काही दिवसांत ती खरी ठरल्यासारखीही वाटते. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिखरावर असतो, साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्यानंतर काय होतं? २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांची उदासी, चिंता, ताण हे सगळं न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालं होतं, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा; आणि हा फरक डिप्रेशनच्या औषधांनी पडतो तितका किंवा त्याहून जास्त होता. याचा अर्थ औषध बंद करून सिगारेट सोडा असा नाही. सोडल्याने मन बिघडेल ही समजूत उलटी आहे, एवढाच.

तारीख निवडताना युनिव्हर्सिटीच्या परीक्षेचा आठवडा नको, घरच्या लग्नाचाही नको. टर्मिनल संपल्यानंतरचा आठवडा उत्तम. घरी जाणार असाल तर अजून चांगलं, कारण तिथे तसंही लपवावं लागतं.

निकोटीन गम हा औषधासारखा वापरायचा, च्युइंगगमसारखा नाही. बहुतेक मुलं ‘गमने काही होत नाही’ म्हणतात, कारण ती तो भराभर चावून थुंकी गिळतात. मग उचकी लागते, पोटात मळमळतं आणि मेंदूपर्यंत फार काही पोचत नाही. हळू चावायचा. जिभेला झिणझिण किंवा तिखटसर लागलं की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. झिणझिण गेली की परत दोन-चारदा चावायचा, जागा बदलायची. अर्धा तास पुरतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको, कारण तोंड आम्लधर्मी झालं की निकोटीन शोषलं जात नाही. टपरीवर चहासोबत गम चघळणाऱ्यांचा गम फुकट जातो तो यामुळे. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात सहज मिळतो. सकाळी लगेच सिगारेट लागणाऱ्यांना ४ लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि मी प्रत्येकाला सांगतो. सिगारेटच्या धुरातल्या हायड्रोकार्बन्समुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात काम करतं, आणि कॅफीन त्याच एन्झाइमने मोडतं. सिगारेट थांबली की एन्झाइम मंदावतं आणि रोजच्याच चार कपांमधलं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते. मुलगा समजतो की सिगारेट सोडल्यामुळे वेड लागायची पाळी आली. चहा-कॉफी निम्म्यावर आणा, यातला बराच त्रास जातो. हेच एन्झाइम काही मानसिक आजारांची औषधंही मोडतं, म्हणून औषध चालू असताना सिगारेट सोडत असाल तर डॉक्टरांना कळवा; काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

गोळ्यांमध्ये बुप्रोपिऑन ही एक अशी आहे जी डिप्रेशनवरही चालते आणि सिगारेट सोडायलाही. फिट्स येणाऱ्यांना ती देत नाहीत. सिगारेट सोडायच्या व्हॅरेनिक्लिन या दुसऱ्या औषधाबद्दल ‘त्याने मन बिघडतं’ असं काही जुने डॉक्टर अजून सांगतात. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आठ हजारांहून जास्त लोकांवरची चाचणी आली, त्यात जवळजवळ निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होते, तरी तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. डिप्रेशनच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांची सवय लागते हा तर सगळ्यात जुना गैरसमज. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते, आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. फार्मॅकॉलॉजीच्या पुस्तकाची पानं वाचून स्वतःचा स्वतः डोस ठरवू नका. हॉस्टेलात हे फार होतं. वॉर्डातल्या सॅम्पलच्या गोळ्या तर अजिबातच नकोत.

प्रेरणा हवी असेल तर आपल्याच व्यवसायातली आहे. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यूंची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचा निकाल २००४ मध्ये आला: ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि तिशीच्या आसपास सोडलेल्यांना ती दहाच्या दहा वर्षं जवळजवळ पूर्ण परत मिळाली. एमबीबीएस झालं, पीजी झालं, तरी तुम्ही बहुधा तिशीच्या अलीकडेच असाल. पीएसएममध्ये, म्हणजे समाजवैद्यकाच्या विषयात, हा अभ्यास परीक्षेसाठी वाचायचाच आहे.

उपचार घ्यायचे, पण आपल्याच कॉलेजात?

हा अडसर सगळ्यात मोठा. सायकियाट्री ओपीडीच्या बाहेर बसलो आणि आपलीच बॅच पोस्टिंगला आली तर? ही लाज चुकीची आहे असं भाषण मी देणार नाही. वाटांबद्दल सांगतो.

विभागातल्या एखाद्या लेक्चरर किंवा सीनियर रेसिडेंटला थेट फोन किंवा मेसेज करा आणि ओपीडी संपल्यावरची वेळ मागा. बहुतेक जण देतात. तेही नको असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा शहरातला खासगी डॉक्टर. आणि रात्री दोन वाजता कुणीच नको असेल तर १४४१६, टेली-मानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६. हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, म्हणजे ओढणाऱ्याच्या खिशात तो रोजच असतो.

रेकॉर्डची भीती घालवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. डीन, वॉर्डन, एचओडी, यांपैकी कुणालाही उगाच विचारून ती मिळत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो, आणि तेव्हा तो व्हायलाच हवा.

मुलींसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण त्यांची सिगारेट दुप्पट लपते. लेडीज हॉस्टेलात वॉर्डनला कळलं तर घरी फोन जातो, आणि मुलगा ओढतो तेव्हा तो ‘स्ट्रेस्ड’ असतो, मुलगी ओढते तेव्हा चर्चा होते. त्यामुळे मुली सोडण्यासाठी मदत मागायलाही येत नाहीत. आमच्याकडे आलात तर विचारलं जातं ते फक्त किती आणि केव्हापासून. कुणी उपदेश करत नाही, आणि करत असेल तर डॉक्टर बदला.

त्रासाचं मूळ रॅगिंग असेल, तर त्याला सिगारेट आणि गोळ्या दोन्ही उत्तर नाहीत. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर तक्रार नाव न सांगता करता येते. ‘सीनियरने जबरदस्तीने सिगारेट ओढायला लावली’ हेही रॅगिंगच.

घरी सांगायचं असेल तर नापास आणि आजार एकाच फोनमध्ये सांगू नका. आधी तब्येतीचं. ‘बाबा, मला दोन महिने झोप नाही, डॉक्टरांना दाखवलंय, गोळी सुरू केलीय’, या वाक्याला गावाकडचा बापही समजून घेतो, कारण झोप आणि गोळी त्याच्या ओळखीच्या आहेत. मी असंच सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘जेवतोस ना नीट?’ आणि त्या शनिवारी आई डबा घेऊन हॉस्टेलवर आली. निकालाचं मी नंतर सांगितलं, तेव्हा ते फार जड गेलं नाही.

रूममेट असेल तर

हा भाग वाचताना तुम्हाला कदाचित स्वतःपेक्षा दुसरंच कुणीतरी आठवेल. सोबत राहणाऱ्याला फरक आधी दिसतो: ओढणं अचानक वाढलंय, जेवण सुटलंय, वस्तू वाटून टाकतोय, ‘आता काही फरक पडत नाही’ असं बोलतोय. विचारायला घाबरू नका. ‘मरणाचे विचार येतात का?’ असं थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. हो म्हणाला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका. खोलीतल्या औषधांचा साठा गुपचूप बाहेर काढा. तुमच्या कॉलेजचंच हॉस्पिटल आहे, कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, रात्रभर उघडी असते, सायकियाट्रीचा ऑन-कॉल रेसिडेंट असतो. त्याला फोन करा आणि मित्राला चालत घेऊन जा. जमलं तर आणखी एकाला सोबत घ्या, एक जण मित्राजवळ थांबेल आणि दुसरा केसपेपर काढेल. निदान करायचं काम तुमचं नाही, सेकंड इयरला सायकियाट्रीचे दोन धडे वाचलेले असले तरीही. तिथपर्यंत पोचवलं, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या (सीएमओ) हातात दिलं, त्याच्या घरच्यांचा नंबर लिहून दिला, की तुमचं झालं. दुसऱ्या दिवशीचं लेक्चर बुडालं तर बुडू द्या. अटेंडन्सचं विभागात जाऊन बोलता येतं, आणि अशा कारणासाठी तिथे बोलायला मी तुमच्यासोबत येईन.